पाचवा उद्गार

"…आणि मला पाचवाच का, आबा?"

शलमोन रणपिसे अजून पायरीवरच होता. चपला काढायच्या आधी त्याने प्रश्न काढला.

आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांचं नाव शांतवन बोर्डे. हयातभर गोदाकाठच्या खेड्यांतून चर्चचे पाळक म्हणून फिरले. पुढे गुडघे थांबले, तेव्हा तेही थांबले. शलमोनला बायबल वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. आता शलमोन तालुक्याच्या शाळेत शिक्षक होता, आणि त्याच्यासारखी प्रार्थना पंचक्रोशीत कोणी करत नाही, असं लोक म्हणत. शलमोनही म्हणे.

"पाचवा काय?" आबांनी विचारलं.

"उद्गार. उत्तम शुक्रवारचा."

येशूला क्रुसावर खिळलं, तो हा दिवस. त्या दुपारी चर्चमध्ये बारा ते तीन उपासना चालते. क्रुसावरून येशू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जण उपदेश करतात. कोणाला कोणता उद्गार, ते चर्चचे पंच ठरवतात. जमिनीच्या वाटणीवरून होत नाहीत इतके रुसवे ह्या वाटणीवरून होतात.

"पहिल्यात क्षमा आहे," शलमोन म्हणाला. "दुसऱ्यात स्वर्ग. तिसऱ्यात आई आहे, तिथे बायका रडतात. चौथ्यावर तर तासभर बोलता येतं. आणि मला काय दिलं? 'मला तहान लागली आहे.' ह्यात बोलण्यासारखं आहे काय?"

"तहान लागली, एवढंच."

"तेच तर म्हणतो!"

आबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"पण मी वाट काढलीय," शलमोन म्हणाला. "ही तहान पाण्याची नव्हतीच. ती आत्म्यांची तहान. आध्यात्मिक."

"असेल. पण ते ऐकून शिपायाने त्याच्या तोंडाला लावलेला बोळा आध्यात्मिक नव्हता. आंबेत, आंबट शिरक्यात बुडवलेला होता."

शलमोनने हात झटकला. मग म्हणाला, "सुरुवातीची प्रार्थना तरी ऐका. काल रचली."

"कर."

शलमोनने डोळे मिटले. आकाशापासून सुरुवात केली. ताऱ्यांचे समूह, समुद्राचा तळ, इस्राएलाची चाळीस वर्षांची वाट, संदेष्टे, राजे… आवाज चढत गेला, उतरत गेला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. शेवटी त्याने "आमेन" म्हटलं आणि डोळे उघडले.

आबांच्या शेंगा संपल्या होत्या.

"छान," ते म्हणाले. "देवाला बरीच माहिती मिळाली."

"आबा…"

"मागितलंस काय?"

"म्हणजे?"

"एवढा वेळ त्याच्या दारात उभा होतास. मागितलंस काय?"

शलमोनने आठवून पाहिलं. "मागणं म्हणजे… जरा बाळबोध वाटतं, आबा. मी स्तुती करतो."

ह्याला कारण होतं. शलमोनचे वडील गावात सगळ्यांच्या दारी जात. कोणाकडे पीठ माग, कोणाकडे बैल माग, कोणाकडे एक दिवसाचं काम. लोक देत, पण देताना हसत. ते हसू शलमोन विसरला नव्हता. आपण कोणाकडे काही मागायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं. माणसांकडे नाही मागितलं. पुढेपुढे देवाकडेही नाही.

आबांना हे माहीत होतं. ते त्याच्या वडिलांविषयी काही बोलले नाहीत.

"दमयंती कशी आहे?" त्यांनी विचारलं.

शलमोनचा चेहरा पडला. दमयंती त्याची बायको. दिवाळीनंतर भांडण झालं, आणि ती शेजारच्या गावी माहेरी गेली ती गेलीच. भांडण कशावरून झालं, ते आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

"ती तिच्या मनाने गेली. येईल तिच्या मनाने."

"बोलावलंस?"

"मी कशाला बोलावू? पण प्रार्थना करतो तिच्यासाठी."

"काय म्हणतोस?"

"देवाने तिला सुबुद्धी द्यावी."

आबांना ठसका लागला. बराच वेळ लागला.

मग ते म्हणाले, "तुझा उपदेश तयार नाही. शुक्रवारपर्यंत एक काम कर. रोज कोणाच्या तरी दारी जा, आणि पाणी मागून पी."

"एवढंच?"

"एवढंच."

शलमोन हसत गेला.

पहिल्या दिवशी तो रंगनाथ शिंप्याच्या दारी उभा राहिला. "ऊन फार आहे," म्हणाला.

"फार," रंगनाथ म्हणाला, आणि शिवत राहिला.

"घसा कोरडा पडतो अगदी."

"पडतो, पडतो."

शलमोन परत आला.

दुसऱ्या दिवशी तो येलूबाई साळव्यांकडे गेला. त्याने तोंड उघडायच्या आधीच त्यांनी चहा टाकला. शलमोनने चहा घेतला. मागितला नव्हता, म्हणून घेता आला.

नंतर तो पोस्टमास्तरांकडे गेला, त्यांच्या माठाकडे पाहत उभा राहिला, आणि माठाची तारीफ करून निघाला. पोस्टमास्तरांनी तो ज्याच्याकडे मिळतो त्या कुंभाराचा पत्ता दिला.

गुरुवारी संध्याकाळी तो आबांकडे आला.

"मागितलंस?"

"…सूचित केलं."

आबांनी मान हलवली. "उद्या भेटू."

शुक्रवारी चर्च खच्चून भरलं. बाहेर चैत्राचं ऊन. वीज गेलेली. पंखे नुसतेच टांगलेले. बहुतेकांचा सकाळपासून उपास होता, शलमोनचाही.

पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच चौथऱ्यावर, एक तांब्या आणि पेला होता. पहिल्या वक्त्याने एक घोट घेतला. दुसऱ्याने एक. तिसऱ्याने दोन. चौथे वक्ते निवृत्त हेडमास्तर होते. देवाने येशूला का टाकलं, ह्यावर ते इतके बोलले की तांब्या उपडा करूनच खाली उतरले.

मग सेक्रेटरींनी पुकारलं, "पाचवा उद्गार. बंधू शलमोन रणपिसे."

शलमोन चढला. कागद नीट लावले. समोर पाहिलं.

बायकांच्या बाजूला, मागच्या बाकावर, दमयंती बसली होती.

ती येईल हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने कागदाकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती. तोंड उघडलं… आणि आवाज आला नाही. जीभ टाळूला चिकटली होती.

त्याने खाकरून पाहिलं. मग पेल्याकडे हात केला. पेला रिकामा. तांब्या उचलला. रिकामा. त्याने तो उलटा करून मंडळीला दाखवला.

मंडळी तांब्याकडे पाहू लागली. सेक्रेटरी शेजारच्या पंचाच्या कानात म्हणाले, "दृष्टांत आहे."

शलमोनने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ऊन…" तो कसाबसा म्हणाला. "ऊन फार आहे."

कोणी हललं नाही. सगळे पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने पुलपीटची कड धरली. शेजारी पंच बसले होते. ज्यांनी त्याला पाचवा दिला, तेच. पलीकडे हेडमास्तर. ज्यांनी पाणी संपवलं, तेच.

त्यांच्याकडेच पाहून तो म्हणाला, "मला… तहान लागली आहे."

"आमेन!" सेक्रेटरी म्हणाले.

"मला तहान लागली आहे."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली. येलूबाई साळव्यांनी पदर डोळ्यांना लावला. पेटीवाल्याने हळूच सूर धरला.

शलमोनने पेटीवाल्याकडे पाहिलं. सेक्रेटरींकडे पाहिलं. मग तो एवढ्या लहान आवाजात बोलला, की असा आवाज त्याच्याजवळ आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

"अहो… मला तहान लागली आहे हो."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला.

तेव्हा दमयंती उठली.

"अहो, रडताय काय?" ती म्हणाली. "त्यांना पाणी हवंय! खरंखुरं पाणी!"

पेटी बंद पडली.

चर्चमध्ये पाणी नव्हतंच. हापसा रस्त्याच्या पलीकडे. दमयंतीने उपास सोडायला कडीच्या डब्यातून ताक आणलं होतं. ती तो डबा घेऊन तरातरा पुढे आली, पुलपीटची पायरी चढली, आणि झाकण काढून डबा त्याच्या हातात दिला.

शलमोनने डबा तोंडाला लावला.

ताक सकाळपासून उन्हात तापलं होतं. ते इतकं आंबट झालं होतं, की त्याचे डोळे मिटले, गाल आत गेले, मान वाकडी झाली. तरी तो पीत राहिला. गटागटा. सगळ्यांसमोर. हनुवटीवरून ओघळ गेला, तोही पुसला नाही.

डबा खाली केला तेव्हा कोणी "आमेन" म्हटलं नाही. कोणी हसलंही नाही.

शलमोनने कागद उचलले.

"एवढंच," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

उपासना संपल्यावर लोकांनी त्याला गराडा घातला. "काय उतरवलंत, वा!" रंगनाथ म्हणाला. "तो चेहरा तर… अगदी क्रुसावरचा." सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या वर्षीही पाचवा तुमचाच."

शलमोन त्यांच्यातून वाट काढत आबांपाशी पोचला. आबा कडुनिंबाखाली, चर्चमधून आणलेल्या खुर्चीवर बसले होते.

"तुम्ही पहिल्याच रांगेत होता," तो म्हणाला. "मला खरंच तहान लागलीय, हे तुम्हाला कळलं होतं?"

"तांब्या उलटा केलास तेव्हाच."

"मग कोणाला पाणी आणायला का नाही सांगितलं?"

"तेव्हा तू सूचित करत होतास."

शलमोन खाली मातीत बसला. हसावं की रडावं, त्याला कळेना. दोन्ही थोडंथोडं आलं.

"एवढे कागद लिहिले होते, आबा. त्यातलं एक अक्षर बोललो नाही."

"हं."

"लाज वाटली. पण मागितल्यावर… कसं सांगू… हलकंही वाटलं. वडिलांना असंच वाटत असेल का?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं.

दमयंती डबा न्यायला आली. डबा अजून शलमोनच्याच हातात होता. तो उठून उभा राहिला. आकाश, तारे, समुद्राचा तळ, सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि मागे गेलं.

"घरी चल," तो म्हणाला. मग घाईने म्हणाला, "म्हणजे… येशील का? मला करमत नाही."

दमयंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

"विचार करते," ती म्हणाली. "डबा धुऊन आणून द्या. आंबट वास राहतो."

आणि ती बायकांच्या घोळक्यात मिसळली.

शलमोन डबा घेऊन तिथेच उभा. हापशाकडे जायचं, की तिच्या मागे, की आबांपाशी थांबायचं…

"आबा, मी मागितलं."

"ऐकलं."

"ती विचार करते म्हणाली."

"तेही ऐकलं."

"आणि नाही म्हणाली तर? एवढं मागून… नाहीच मिळालं तर?"

आबा काठी टेकून उठले. गुडघे कुरकुरले. शलमोनने हात पुढे केला. त्यांनी तो धरला, आणि धरूनच थोडा वेळ उभे राहिले.

"गुरुवारी रात्री बागेत आपल्या प्रभूने बापाकडे 'हे मरण टळू दे' असं मागितलं, तेव्हा त्याला 'नाही'च मिळालं होतं, शलमोन…" ते म्हणाले. "मग शुक्रवारी क्रुसावरून त्याने 'बापा' म्हणून हाक मारली, ती कोणाला?"