मोहाची वडी

साग आणि मोहाच्या एका दाट जंगलात, खडकाच्या कपारीत, एक अस्वलीण आपल्या दोन भाचरांना घेऊन राहत असे. ही तिच्या धाकट्या बहिणीची पिल्ले, एक थोरला आणि एक धाकटी. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि त्यांची आई गेली. तेव्हापासून त्यांचे सगळे मावशीच करी. मावशी मोठी टापटिपीची. गुहेत शिरताना पंजे पुसायचे, फळ खाल्ले की साल बाहेर टाकायची, मध खाल्ला की नाक धुवायचे, असे तिचे नियम होते. पिल्ले यांतला एकही पाळत नसत.

"तुमची आई असं कधी करत नसे," मावशी दिवसातून दहादा सांगे. "लहानपणी ती पानावर वाटा घ्यायची आणि एका जागी बसून खायची. तिच्या अंगावर कधी डाग दिसला नाही."

मुलांनो, हे खरे नव्हते. पण गेलेल्याचे उणे काढू नये म्हणतात. शिवाय खरे आठवायला बसले की मावशीला पुढचे काम सुचत नसे. म्हणून ती हेच सांगत राही. धाकटी ते मुकाट्याने ऐके.

हळूहळू धाकटीने खाणेच टाकले. वारुळातली वाळवी नको, बोरे नकोत, कंद तर नकोतच. इकडे फाल्गुन सरला, ओढा आटत आला. आठ दिवसांत डोंगरापलीकडच्या डोहाकडे निघणे भाग होते. दोन दिवसांची चाल, आणि धाकटीला ओढ्यापर्यंत जातानाच धाप लागत होती. मावशीने लाडीगोडी लावून पाहिली, डोळे वटारून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

शेजारच्या बिळातली म्हातारी साळू, म्हणजे साळिंदर, काटे खुळखुळवत येई आणि धीर देई. "होईल गं सगळं नीट. माय मरो पण मावशी जगो, असं उगीच नाही म्हणत."

"ज्यानं ही म्हण काढली," मावशी म्हणाली, "त्यानं भाचरं सांभाळलेली नसणार."

शेवटी मावशीने वडी करायचे ठरवले. अस्वलांची वडी तुम्ही पाहिली नसेल. मोहाची टपोरी फुले वेचायची, पिकल्या कवठांचा गर काढायचा, त्यात मधाचे पोळे पिळायचे, सगळे पंजांनी मळून सपाट कातळावर वीतभर जाड थापायचे आणि तीन दिवस उन्हात वाळवायचे. पूर्वी मावशीची आई करी, पुढे बहीण करू लागली. मावशी पहिल्यांदाच करत होती. तिने एकेक फूल निवडून धुतले, वडीच्या कडा सारख्या केल्या आणि पिल्लांना बजावले, "लांब बसायचं. पंजा लावलात तर याद राखा." तीन दिवस ती कातळापाशी ठाण मांडून बसली. वानरांना हाकलले, मुंग्या फुंकून उडवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वडीचा एक कोपरा तोडला, पळसाच्या पानावर ठेवला आणि ते पान धाकटीपुढे सरकवले.

"खा. तुझ्या आईची वडी आहे."

धाकटीने हुंगून पाहिले. "ही आईची नाही," ती म्हणाली. "आईच्या वडीत केस असायचे."

"केस?"

"आणि माती. आणि एकदा याचा दात होता."

"माझाच होता," थोरला म्हणाला.

मावशीने कपाळाला पंजा लावला. "तीन दिवस," ती म्हणाली, "तीन दिवस मी इथे उन्हात भाजतेय, आणि ही म्हणते, यात दात नाही."

तेवढ्यात थोरल्याने पानावरच्या तुकड्यावर झडप घातली. त्याचा धक्का लागला आणि धाकटी कोलमडून मागे गेली, ती थेट वडीच्या मधोमध बसली. वडी वरून वाळली होती, आतून अजून ओली होती. धाकटी कमरेपर्यंत रुतली.

मावशीचा तोल सुटला. "अगं गधडे, अगं भवाने, सगळी आईवर गेलीस तू. तीही अशीच बसायची. दर वर्षी. एक वर्ष चुकवलं नाही कार्टीनं."

मावशीला वाटले, आता ही रडणार.

"आई वडीत बसायची?" धाकटीने विचारले.

"बसायची कसली, लोळायची. पाठभर मोहाची फुलं चिकटवून गुहेत यायची आणि झोपायची माझ्या कुशीत. मग तिच्या मागून मुंग्यांची रांग. चावायच्या मला, ती आपली घोरत असायची."

"मग आजीनं तिला मारलं?"

"तिला कशाला मारेल? मला ओरडली. थोरली ना मी. मी लक्ष द्यायला हवं होतं म्हणे."

थोरला फिसकन हसला. धाकटीने बरबटलेला पंजा चाटला. मग दुसरा चाटला. "आणखी सांग," ती म्हणाली.

"आणखी काय सांगू? एकदा कवठात तोंड अडकवून घेतलं तिनं. तशीच धावत सुटली, दिसेना काही, जाऊन आदळली रानडुकराच्या पोटावर. त्याची माफी कुणी मागायची? मीच."

मावशी चिडून चिडून सांगत होती. बहिणीने किती छळले, याची यादी तिला संपवता येईना. किती तरी वेळाने तिचे लक्ष गेले. धाकटीने स्वतःभोवतीची वडी खाऊन मोठे खिंडार पाडले होते आणि तिच्या नाकापासून शेपटापर्यंत सगळे माखले होते. "नाक धुऊन ये," असे म्हणायला मावशीने तोंड उघडले आणि तसेच मिटले.

संध्याकाळी साळू विचारत आली, "काय, जमली का वडी?"

"वाटोळं झालं वडीचं."

"अरेरे. आणि धाकटी?"

"बघ ना," मावशी म्हणाली. "वाटोळंच खातेय, आणि वर आणखी मागतेय."

आठव्या दिवशी तिघे डोहाकडे निघाले. धाकटी आपल्या पायांनी चालत होती. तिच्या पाठीवर मोहाचे एक फूल अजून चिकटलेले होते आणि मागून मुंग्यांची बारीक रांग येत होती. मावशीने वळून ती पाहिली. फुंकर मारण्यासाठी गाल फुगवले. मग ती फुंकर हळूच नाकाने सोडून दिली आणि पुढे चालू लागली.

तात्पर्य : गेलेल्याला आठवणीत धुऊनपुसून ठेवू नये, मग तो त्याच्या लेकरांनाही ओळखू येत नाही.