सारजाचा दोर

एका डोंगराळ गावात एक दोर वळणारं जोडपं राहत होतं, हैबती आणि गोदा. एकेकाळी दोघांच्या हातात मोठं कसब होतं. पुढं दोघांनाही अफूची चटक लागली. घरातली भांडी गेली, मग दाराचं कवाडही गेलं. टिकली ती एकच, त्यांची लेक सारजा.

गावच्या विहिरीचा एक रिवाज होता. दर चैत्रात दोर धरून गडी गाळ काढायला उतरत. त्याआधी, ज्यानं दोर वळला त्यानंच एकदा उतरून वर यायचं. एका वर्षी हैबती अफूच्या तारेत पारावर लोळत होता. लोक वाट पाहून कंटाळले. "एक दिवस रिवाज मोडला तर आभाळ कोसळतंय काय?" म्हणत शिदू नावाचा तरणा गडी उतरला. आभाळ जागच्या जागी राहिलं, दोर तुटला. शिदूचा पाय कायमचा अधू झाला आणि गाव परगावाहून दोर आणू लागलं.

सारजा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं हाय खाल्ली नाही. बांधावरचा घायपात कापून कुजवायचा, बडवून त्याचा वाख, म्हणजे दोराचा धागा काढायचा, जुने दोर उलगडून पीळ कसा बसतो ते पाहायचं, असं ती आपली आपण शिकली. आधी शेळ्यांची दावी वळली, मग बैलांची. त्यावर तिघांची भाकरी निघू लागली. आईबापांना ती आधी वाढायची आणि वाढता वाढता चार शब्दही सुनावायची. पोरीची जीभ काही मऊ नव्हती.

सतराव्या वर्षी ती शिदूकडे गेली. आता विहिरीची देखरेख त्याच्याकडे होती.

"शिदूकाका, औंदा विहिरीचा दोर मी वळते."

"तुझ्या घरचा दोर?"

"माझ्या हातचा."

शिदूनं आपल्या पायाकडे पाहिलं. "वळ. पण आधी उतरायचं तूच."

महिनाभर खपून तिनं दोर पुरा केला. ठरल्या दिवशी सगळं गाव विहिरीवर जमलं. सारजानं शेवटचं म्हणून दोर मुठीतून ओढून पाहिला आणि मध्येच तिचा हात थांबला. वरून पीळ देखणा होता, आत मात्र वाख भुसभुशीत लागत होता. दोर वळताना मध्येच तिला ताप भरला होता, त्या दिवशी बापानं आपणहून सात हात दोर वळून दिला होता. तिला केवढं बरं वाटलं होतं! आता तिला उमगलं, बापानं चांगला वाख अफूपायी विकला होता आणि आत कुजका भरला होता.

तिनं गर्दीत बापाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. सारजा अंगानं काटकुळी, तिला त्या दोरानं पेललंही असतं. पण तिच्यामागून चार धिप्पाड गडी उतरणार होते.

"काका, मधले सात हात कच्चे आहेत," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माझ्या घरातच झालं. मी न तपासता पुढं वळत गेले, ती चूक माझी. आठ दिवस द्या."

"बापाचाच वाण!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

शिदू गर्रकन वळला. "त्या वर्षी हिच्या बापानं असं सांगितलं असतं, तर मी आज धावलो असतो. दिले आठ दिवस!"

सारजानं दोर त्या सात हातांपर्यंत उलगडला आणि चांगला वाख घालून पुन्हा वळला. आठव्या दिवशी ती उतरली आणि तळाचा मूठभर गाळ घेऊन वर आली. गोदा गर्दीतून पुढं आली आणि आपल्या पदरानं लेकीचे चिखलाचे हात पुसू लागली. आज गोदाची मान ताठ होती.

चार गडी पुढं सरसावले. शिदूनं त्यांना अडवलं. काठी बाजूला ठेवली, दोर कमरेला बांधला आणि म्हणाला, "आधी मी उतरणार. हा सारजाचा दोर आहे."

तात्पर्य: आईबापांच्या व्यसनानं लेकराच्या वाट्याला हाल येतात, पण त्याचं नाव काय व्हायचं हे त्याचे कष्ट आणि त्याचा खरेपणाच ठरवतो.