शबनमला घाटावर नेलं तो दिवस

‘पण मी कुठवर आलोय, एवढं तरी सांगाल की नाही, बाबा?’

लतीफशा बाबांनी मान वळवून गाडीच्या मागच्या काचेतून पाहिलं.

‘नीट उभी आहे,’ ते म्हणाले.

‘मी घोडीचं नाही विचारलं.’

‘हो का…’

मुकुंद वायकोळेनं ओठ आवळले आणि पुन्हा समोरच्या रस्त्यावर नजर लावली. हा प्रश्न त्यानं आज काही पहिल्यांदा विचारला नव्हता.

मुकुंद भुसावळचा. पंपांच्या मोटारी बनवण्याचा कारखाना त्यानं शून्यातून उभा केला होता. मोटार किती फिरली, किती तापली, किती वीज खाल्ली, हे मोजण्यात उभा जन्म गेलेला. मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीत, येऊन डोळे मिटून बसायला लागला, तरी खोड गेली नाही. बसून उठला की विचारायचा, आज कालच्यापेक्षा बरं झालं का? आणखी किती राहिलं?

बाबा कधी चहा पुढे करत, कधी नुसते हसत.

त्यांचा तकिया घाटमाथ्यावर होता, एका लहानशा दर्ग्याला लागून. उमेदीत बाबा गावोगाव फिरले ते एका पांढऱ्या घोडीवरून. तीच ही शबनम. बाबांचे गुडघे गेले तशी त्यांनी ती तापीकाठच्या रज्जाकमियांकडे ठेवली होती. आता रज्जाकमियांना मुलगा सुरतेला घेऊन चालला होता, आणि घोडीचं काय करायचं हा पेच पडला होता. एका डोळ्यात पडदा आलेली, पाय थकलेले. चालत घाट चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

‘जवळ असती तर बरं झालं असतं,’ बाबा एकदा बोलून गेले होते.

मुकुंदानं ते उचलून धरलं.

‘मी आणतो. माझी नवी गाडी आहे ना, विजेची. एकदा भरली की चारशे किलोमीटर. मागे ट्रेलर लावतो, शबनमला वर सोडतो आणि तसाच घरी जातो. तरी उरेल.’

‘गाडी सांगते असं?’

‘समोर आकडाच येतो, बाबा.’

स्टड फार्मवाल्या मित्राकडून घोड्यांचा ट्रेलर आणला. बाबा आदल्या दिवशीच एसटीनं नदीकाठी येऊन राहिले होते. सकाळी रज्जाकमियांनी घोडीच्या कपाळावर कपाळ टेकवलं, दोर बाबांच्या हाती दिला आणि ते घरात निघून गेले. बाहेर आले नाहीत.

आणि आता कपाशीच्या शेतांमधून गाडी घाटाकडे निघाली होती.

आकडा उतरत होता.

सकाळी मुकुंदाला ते खरं वाटलं नव्हतं. जरा वेळानं त्यानं एसी बंद केला. आणखी थोड्या वेळानं बाबांना काच वर घ्यायला सांगितली.

‘उकडतंय रे.’

‘वारा आत आला की जास्त खाते.’

‘काय खाते?’

‘बॅटरी.’

बाबांनी काच वर घेतली.

चारशे म्हणणारी गाडी आता निम्मंही कबूल करेना. मुकुंदाला कारण ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही आधी सुचलं नाही म्हणून तो स्वतःवरच चिडला होता. ट्रेलर उंच, पुढून सपाट. भिंत ओढत नेल्यासारखं. ओझ्यापेक्षा वाराच जास्त खात होता. गाडी बिचारी कालपरवाच्या मोकळ्या धावण्यावरून आजचा अंदाज सांगत होती. मागे काय जोडलंय, हे तिला कोण सांगणार?

त्यानं पाय दाबला. लवकर पोहोचलो तर लवकर सुटू, असं काहीसं डोक्यात होतं. ते चूक आहे हेही त्याला कळत होतं.

मागून धाडकन आवाज आला. मग पुन्हा.

‘थांब,’ बाबा म्हणाले.

‘पुढे तालुक्याचं गाव आहे, तिथं…’

‘मुकुंदा. थांब.’

त्यानं गाडी कडेला घेतली. शबनम घामानं भिजली होती. लाथेनं ट्रेलरची आतली फळी फुटली होती आणि मागच्या पायाला खरचटून रक्त आलं होतं. बाबांनी डोक्याचं फडकं सोडून ओलं केलं, पाय पुसला, बांधला. मग तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मुकुंदाला वाटलं, आता बोलतील. बोलणी खाल्ली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

‘चल,’ बाबा म्हणाले एवढंच.

पुढचा रस्ता मुकुंदानं बैलगाडीच्या मागे लागल्यासारखा काढला. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. एकानं डोकं बाहेर काढून काहीतरी म्हटलंही. मुकुंद आरशात बघत राहिला. आरशात ट्रेलरचं तोंड होतं, आणि ते डुलत नव्हतं.

आकडा उतरायचा मंदावला. त्याच्या ते लक्षात आलं, पण बरंच नंतर.

तरी घाट चढण्याइतकं काही उरलं नव्हतं. घाटाच्या पायथ्याला, तालुक्याच्या गावात, एका हॉटेलच्या मागे चार्जर होता. एकच. भिंतीला लागून, एका गाडीपुरती जागा. ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी आत जाईना. आणि घोडी आत असताना ट्रेलर सोडायचा नाही, असं मित्रानं बजावून सांगितलं होतं.

‘हिला काढावं लागेल,’ मुकुंद म्हणाला.

बाबांनी दोर त्याच्या हातात दिला.

‘मी? मला कुठं येतं, बाबा?’

‘मलाही पूर्वी येत नव्हतं.’

ट्रेलरचं मागचं दार खाली पाडून उतार केला. मुकुंदानं दोर ओढला. शबनमनं मान ताठ केली. त्यानं आणखी ओढला, ती आणखी मागे रेलली. पडदा आलेल्या डोळ्यानं ती त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होती.

‘दोर सैल सोड.’

‘सोडला तर येईल कशी?’

बाबा हॉटेलच्या पायरीवर जाऊन बसले.

मुकुंदानं दोर सैल सोडला. तो तसाच उभा राहिला. काय करायचं ते सुचेना, म्हणून काहीच केलं नाही. बऱ्याच वेळानं घोडीनं नाकानं त्याचा खिसा हुंगला, मग गळा. मग एक पाय उतारावर टाकला.

ती खाली आली तेव्हा मुकुंदाच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवला होता.

ट्रेलर सोडला, गाडी चार्जरला लावली. तोवर घोडी बाबांजवळ होती. परत येऊन त्यानं दोर धरला आणि तिला कडुलिंबाच्या सावलीत नेलं. रस्त्यावरून ट्रक गेला की ती दचकायची आणि त्याच्या अंगाला चिकटायची. मग हळूहळू दचकायची कमी झाली. तिनं मान खाली केली आणि हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवली. जड होती. मग आणखी जड झाली.

‘बाबा,’ तो दबक्या आवाजात म्हणाला, ‘हिला काय झालं?’

‘झोपली.’

‘उभ्या उभ्या?’

‘हं. आणि तू हललास तर उठेल.’

मुकुंद हलला नाही. फोन खिशात होता. गाडी किती भरली ते त्यात दिसलं असतं. घोडीचा श्वास त्याच्या कानाशी येत होता, ऊन ऊन, गवताच्या वासाचा. खांदा अवघडला. नंतर अवघडल्याचं कळेनासं झालं. समोरच्या भिंतीवर एक सरडा बसला होता, तो कधी गेला तेही मुकुंदाला कळलं नाही…

‘दादा, ही गाडी तुमची का?’

एक बाई उभी होती. मागे तिची छोटी विजेची गाडी. आत मागच्या सीटवर एक म्हातारी उशीला टेकून निजलेली.

‘आईला दवाखान्यातून घरी नेतेय,’ बाई म्हणाली. ‘माझी अगदीच संपत आलीय. तुम्हाला किती वेळ लागेल?’

मुकुंदानं बाबांकडे पाहिलं. बाबा बशीत चहा ओतत होते.

‘बाबा, माझ्या खिशातला फोन काढता का?’

बाबांनी काढला. मुकुंदानं एका हातानं धरून पाहिलं. घाट चढण्यापुरतं झालं होतं. घरी जाण्यापुरतं नव्हतं. एवढ्यावर निघणं म्हणजे सकाळच्या मुकुंदाच्या दृष्टीनं शुद्ध वेडेपणा होता.

त्यानं चार्जिंग बंद केलं.

‘झालं माझं,’ तो बाईला म्हणाला. ‘फक्त एक करा. किल्ली या खिशात आहे. गाडी तुम्हीच बाहेर काढा.’

‘मी? नवी कोरी दिसतेय.’

‘मला हलता येत नाही. घोडी झोपलीय.’

त्या गाडीला त्यानं सख्ख्या भावालाही हात लावू दिला नव्हता. बाईनं ती जपून बाहेर काढली आणि आपली लावली. मुकुंद मात्र शबनमच्या कानाकडे बघत होता. झोपेतही तो कान मधूनच हलायचा, आणि मुकुंदाला त्याची गंमत वाटत होती.

ती आपली आपण जागी झाली तेव्हा ट्रेलर जोडून, तिला आत चढवून ते निघाले.

घाट त्यांनी रमतगमत चढला. पावसाळा नुकताच सरला होता. डोंगर हिरवे होते, कड्यांवरून अजून थोडं थोडं पाणी येत होतं. बाबांनी काच खाली केली. मुकुंदानं आपलीही खाली केली.

वर तकियाच्या अंगणात शबनमला उतरवलं. या वेळी दोर ओढावाच लागला नाही. तिनं जमीन हुंगली, भिंत हुंगली, बाबांच्या खाटेला नाक लावलं आणि मोठ्यानं फुरफुरली. बाबा तिच्या अयाळीत तोंड घालून किती तरी वेळ उभे राहिले. वळले तेव्हा डोळे ओले होते.

शेजारची सकीनाबी चहा घेऊन आली. घोडी बघून तिनं बोटं कानशिलावर मोडली.

‘आता तू जाणार कसा?’ बाबांनी विचारलं. ‘गाडी तर रिकामी झाली म्हणतोस. इथं एक दिवा जळतो, तोही मन असेल तेव्हा.’

‘खाली तालुक्यापर्यंत जातो, तिथं भरतो.’

‘तिथवर पुरेल?’

‘पुरेल काय, वाढेल. उतारावर गाडी आपली आपण भरते, बाबा. चाकं मोटार फिरवतात, मोटार वीज करते.’

बाबांनी कप खाली ठेवला.

‘उतरताना भरते?’

‘हो.’

‘खरं सांगतोस?’

‘अगदी. आणि मागे ओझं असलं तर आणखी भरते. चढताना जे खातं ना, तेच उतरताना देतं. सगळं नाही देत, पण देतं.’

बाबा लहान मुलासारखे हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. सकीनाबीनं पाणी दिलं.

‘सकीना,’ ते म्हणाले, ‘ऐकलंस? याला ओझं पाहिजे.’

सकीनाबीच्या परसात सीताफळांचा ढीग पडला होता. तिचा माणूस तापानं पडल्यापासून बाजाराला न्यायला कुणी नव्हतं, आणि फळं काही थांबत नव्हती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग मुकुंदाकडे.

‘कुणाकडे द्यायची?’ मुकुंदानं विचारलं.

‘बसस्टँडसमोर माझी बहीण बसते, जुबेदा. तिच्याकडे टाकली तरी चालतील, भाऊ. पण तुम्हाला कशाला त्रास…’

‘त्रास कसला. माझी गाडी भरेल.’

तिघांनी मिळून टोपल्या आणल्या. ट्रेलरमध्ये घोडीसाठी अंथरलेलं गवत होतं, त्यावर बसवल्या. मुकुंदानं बाह्या दुमडल्या होत्या. कारखान्यात कुणी त्याला असं पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. प्रत्येक टोपली ठेवताना तो दोन्ही हातांनी धरून, जपून टेकवत होता. फुटलेल्या फळीशी गवताचा भारा लावला, टोपलीला खिळा लागू नये म्हणून.

ऊन कलतं झालं. शबनम भिंतीच्या सावलीत उभी होती. मुकुंद तिच्याकडे गेला, मानेवर थाप मारली, मग बाबांच्या पाया पडला.

गाडीत बसला, पट्टा लावला. आणि राहवलंच नाही. काचेतून डोकं बाहेर काढून त्यानं विचारलं,

‘बाबा… आज काही फरक पडला का माझ्यात? थोडा तरी?’

बाबा ट्रेलरजवळ उभे होते. त्यांनी दाराचा खटका नीट बसलाय का पाहिलं. वरच्या टोपलीवर फडकं ओढलं.

‘सीताफळं पिकायला आलीत,’ ते म्हणाले. ‘सावकाश ने. आणि वाटेत थांबून दाबून बघत बसू नकोस. काळी पडतात.’