गेंदूची लोकर

मेंढ्या सोयरिकी जुळवत होत्या, त्या काळची गोष्ट. ठकूबाई मेंढीचा गेंदू कळपात सगळ्यांत गुबगुबीत. जो तो म्हणे, "खात्यापित्या घरचा दिसतो हो!" ऐकून ठकूबाईच्या अंगावर मूठभर मांस चढे. पोर एवढं भरलेलं, त्याला चारा कशाला? तोही ती पाहुण्यांपुढे ठेवी.

एकदा बगळे वैद्य आले. गेंदूच्या लोकरीत चोच खुपसून म्हणाले, "बाई, याच्या बरगड्या मोजता येतायत. पोर उपाशी आहे."

"आधी स्वतःच्या तंगड्या बघा!" ठकूबाई कडाडली.

दुसऱ्याच दिवशी धनगराने कळपाची लोकर कातरली. आत उरला काडीसारखा गेंदू. ठकूबाईने हंबरडा फोडला, "त्या मेल्या वैद्याचीच नजर लागली!"

मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, तरी गेंदू काही फुगेना. शेवटी सगळ्यांनी मिळून बाभळीचा डिंक आणला आणि कातरलेली लोकर त्याच्या अंगावर परत चिकटवली.

"आता कसा तब्येतीत आला!" कळप हरखला. ठकूबाईने खुरांनीच अलाबला घेतली.

तेवढ्यात लोकरीतून बारीक आवाज आला, "आई, लोकर बरी झाली गं. आता मला काही खायला देतेस?"