दोन थर विटा

एकदा एका बाईने आपल्या दुरुस्तीच्या खोलीसाठी स्वतःच्या हाताने काँक्रीटचा ओटा घडवायचे ठरवले. खोली मूळची तिच्या वडिलांची. गावातल्या पाण्याच्या मोटारी, मिक्सर, पंखे तिथे दुरुस्त व्हायचे. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली, तरी कोपऱ्यातला रेडिओ, खिळ्यांना टांगलेले पाने-पक्कड आणि वॉर्निशचा वास जागच्या जागी होता. टिकले नाही ते एक टेबल. आंब्याच्या फळ्यांचे होते, वाळवीने आतून पोखरले. ते बाहेर काढण्याआधी बाईने त्याची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आखून ठेवली. नवा ओटा अगदी तेवढाच उंच होणार, हे तिने सगळ्या गल्लीला सांगितले.

आता वडील होते सहा फुटांचे आणि बाई पाच फुटांचीसुद्धा नीट नाही. ती आठ वर्षांची असताना वडिलांनी तिला टेबलापाशी उभे राहायला साबणाचा लाकडी खोका दिला होता, चांगला वीतभर उंच. त्यावर उभी राहून ती स्क्रू द्यायची. वडील रेडिओबरोबर गुणगुणत मोटारीत तांब्याची तार भरायचे आणि मध्येच म्हणायचे, "ऐक बरं, काय म्हणते ही?" मग ती मोटारीला कान लावायची. ते दिवस काही परत येत नाहीत. पण चाळिशी आली तरी बाई त्याच खोक्यावर उभी होती. गेल्या उन्हाळ्यात खोका कलंडला, चालते ड्रिल हातातून निसटले आणि तळहाताला सात टाके पडले. टाके तिने सगळ्यांना दाखवले. खोक्याचे नाव काढले नाही.

काँक्रीटचे काम तिला येत नव्हते. म्हणून ती म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली; त्याला मोटारींपासून बांधकामापर्यंत सगळे यायचे. वडील मोटारीचे काम त्याच्याच हाताखाली शिकले होते, आणि वडिलांच्या मागे हीही अडलेनडले त्यालाच विचारायची. त्याने तिला प्लायवूडचा साचा करायला लावला, वाळू दोनदा चाळायला लावली, लोखंडी जाळी घालायला लावली. काँक्रीट ओतल्यावर बाई वरून थापी फिरवत बसली. तासभर झाला तरी सोडेना. तेव्हा म्हातारा म्हणाला, "किती लाड करतेस? ते ओट्याचं पोट आहे. तोंड खाली आहे, साच्याला टेकलेलं." बाईला हसू आले. मग चौदा दिवस तिने ओले गोणपाट घालून त्या लादीला पाणी दिले, घरच्या माणसाला औषध द्यावे तसे.

लादीखाली दोन खांब हवे होते. म्हाताऱ्याने बजावले की खांब विटांचेच बांध आणि मालात सिमेंट हात आखडून घाल. का, ते सांगितले नाही. उंची कुणाची धरलीस, एवढे विचारले. "दादांची," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. तो बरं म्हणाला.

बाईने खुणेच्या मापाने खांब बांधले. चार दिवसांनी लादी चढवायची होती. बाई गल्लीतल्या चार धडधाकट गड्यांना बोलवायला गेली. परत येते तो काय, म्हातारा जमिनीवर फतकल मारून छिन्नी-हातोड्याने खांब फोडतोय. दोन्ही खांबांवरचे दोन-दोन थर त्याने उतरवले होते आणि सिमेंट कमी असल्याने अख्ख्या निघालेल्या विटा कडेला नीट रचून ठेवल्या होत्या.

बाईचे डोके फिरले. गुरूबिरू काही न बघता तिने त्याला तोंडाला येईल ते ऐकवले. चौकटीवरची खूण दाखवली, दिसत नाही का म्हणून विचारले. एक गडी दुसऱ्याला हळूच म्हणाला, चहा पिऊन आलो असतो तर बरं झालं असतं.

म्हाताऱ्याने छिन्नी खाली ठेवली.

"तुझा बाप पंधरा वर्षांचा असताना माझ्याकडं आला," तो म्हणाला. "पोरगं ताडमाड, माझं टेबल बुटकं. महिनाभर कमरेत वाकून काम केलं त्यानं. एका सकाळी बघतो तर टेबलाच्या चारी पायांखाली विटा. मला न विचारता. दोन दिवस मी बोललो नाही त्याच्याशी. मग कळलं, त्यानं माझी उंची घेतली नाही, माझा कान घेतला. आवाजावरून दुखणं ओळखायचा. तो कान आता तुझ्याकडं आहे, पोरी. उंची त्याची होती, ती त्याच्याबरोबर गेली. आणि खोका त्यानं आठ वर्षांच्या पोरीला दिला होता. जन्मभर त्यावर उभी राहा, असं म्हणाला होता का?"

बाई उगाच तळहातावरच्या वणावरून अंगठा फिरवत राहिली. मग गड्यांना म्हणाली, "बघत काय राहिलात? उचला."

लादी खांबांवर बसली. गडी चहाला गेले. बाईने सवयीने खोका पायाने पुढे ओढला, थांबली, आणि तो कोपऱ्यात नेऊन त्यावर वडिलांचा रेडिओ ठेवला. चपला काढून ती ओट्यापाशी उभी राहिली. इतक्या वर्षांत काम करताना प्रथमच त्या खोलीत तिचे पाय जमिनीवर होते आणि कोपर कामावर टेकत होते. तिने दुरुस्तीला आलेली एक मोटार ओट्यावर घेतली, चालू केली आणि कान लावला.

"काय म्हणते?" म्हाताऱ्याने विचारले.

"बेअरिंग गेलंय," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

तुमच्या पायाखालीही असा एखादा खोका असेल, तर एकदा खाली बघा.