टाकीतली शांतता

"मग मला दीक्षा द्यायला अडतंय कुठे, महाराज?"

वागळे सकाळपासून हे विचारायला तळमळत होते. गिरीबुवांची पाद्यपूजा झाली, फराळ झाला, तरी बुवांनी विषय काढला नव्हता.

"तुझी तयारी काय?"

"मन निश्चल झालंय. घरातच बघा ना! टाचणी पडली तरी ऐकू येईल."

ते खरं होतं. दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी होती. समुद्राचं खारं पाणी, त्यात खडक, खडकांवर प्रवाळ. तिचाही आवाज नव्हता.

"ही कुणाची?"

"मुलीची. इरावतीची. दोन पंप लावले होते तिनं, समोरासमोर. दिवसरात्र घरघर! एक तरी काढ म्हटलं. तर म्हणे, बाबा, दोन प्रवाह एकमेकांवर आपटले पाहिजेत, तरच कोपऱ्यातलं पाणी हलतं. प्रवाळ जागचं उठत नाही. त्याचा श्वास, त्याचा घास, सगळं पाण्यानं आणून द्यायचं."

"मग?"

"मी ध्यानाला बसताना बंद करायचो, ती सुरू करायची. रोजची कटकट. शेवटी म्हटलं, या घरात तुझे पंप राहतील, नाहीतर मी."

"आणि ती?"

"गेली, पंधरा दिवस झाले. मासे तेवढे नेले. प्रवाळ उद्या न्यायला येतेय."

"आणि तोवर पंप सुरू ठेवशील, असं तिला म्हणाला होतास?"

वागळ्यांनी उपरण्याचं टोक चाचपलं.

"म्हणालो होतो... ती निघावी म्हणून. पण घर कसं शांत झालं, महाराज!"

चीड यावी असं समाधान होतं त्यांच्या चेहऱ्यावर. स्वतःच्या पोरीला घालवून माणूस वर दीक्षा मागत होता.

बुवा उठले. टाकीपाशी जाऊन त्यांनी पंपांची दोन्ही बटणं दाबली.

पाणी हललं. समोरासमोरचे झोत एकमेकांवर आदळले, आणि खडकांच्या मागून काळा गाळ उसळून वर आला. झाकणाच्या फटीतून कुजकी दुर्गंधी सुटली.

"बंद करा, महाराज! एवढं नितळ पाणी... घाण झालं सगळं!"

"झालं नाही. होतं."

वागळे नाकाला उपरणं लावून पुढे आले. इतक्या दिवसांत त्यांनी टाकीत जवळून पाहिलंच नव्हतं. गाळ फिरत होता. मधूनच खडक दिसत होते. त्यांच्यावरचं जांभळं, हिरवं सगळं गेलं होतं. पांढरे सांगाडे उरले होते.

"मेली?"

बुवांनी मान डोलावली.

"सगळी?"

"सगळी."

वागळे खाली बसले. जमिनीवरच.

"प्रवाळांसाठी का होईना, ती येणार होती, महाराज. जेवून जा म्हणणार होतो मी. तिच्या आवडीची भरली वांगी सांगितली आहेत स्वयंपाकघरात... आता तिला काय सांगू?"

बुवांनी बाही वर सारली. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एक पांढरा सांगाडा सुटा करून बाहेर काढला, आपल्या कफनीला पुसला आणि वागळ्यांच्या ओंजळीत ठेवला.

"दीक्षा हवी होती ना? याच्याकडून घे. हा तुझ्याहून निश्चल आहे."