सातवं उद्दिष्ट

“पण सर, सही अडली कुठे?”

तेजस्विनी घोरपडेनं लॉगबुक पुन्हा पुढे सरकवलं. वाघमोडे सर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

सरांच्या वॉर्डात एक रीत होती. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्यानं लॉगबुकात आपली उद्दिष्टं आपणच लिहायची. दोन महिन्यांनी सर ती बघणार आणि सही करणार. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे. बाकीच्यांनी चार-पाच लिहून सुटका करून घेतली होती. तेजस्विनीनं एकवीस लिहिली. एकविसाच्या एकवीस पूर्ण, पुढे हिरव्या शाईच्या खुणा. हुशार पोर, आणि आपण हुशार आहोत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“यातलं पक्कं कुठलं?” सरांनी विचारलं.

“सातवं. हृदयातली मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ओळखणे. आठ पेशंट झाले.”

“चल.”

अकरा नंबरच्या खाटेवर गोदाक्का बसल्या होत्या. त्यांच्या हृदयाची एक झडप गळकी होती. सरांनी वाकून विचारलं, “आक्का, हिला जरा ऐकू द्याल?”

“ऐका की. सकाळधरनं पाच जणं ऐकून गेली. समदी ‘आला, आला’ म्हनून लिवून घेत्यात. माज्या काळजात हाय तरी काय, ते कोन सांगंना.”

सरांनी गळ्यातला स्वतःचा स्टेथोस्कोप काढला, चकतीवरून अंगठा फिरवला आणि तिच्या हातात दिला.

तेजस्विनीनं चकती छातीवर ठेवली. डोळे मिटले. मान हलवली.

“आला?”

“हो सर. हृदयाच्या टोकाशी स्पष्ट आहे. काखेकडे जातो.”

“कानातून काढू नकोस. चकतीवर नख वाजव.”

तिनं वाजवलं.

काहीच नाही...

पुन्हा वाजवलं. जोरात. तरी काही नाही. चकतीला दोन बाजू असतात. एक चालू केली की दुसरी मुकी होते. सरांनी तिला मुकी बाजू दिली होती.

पितळ उघडं पडलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोकाशी, काखेकडे... सगळं तिनं सकाळीच केसपेपरवर वाचलं होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चकती फिरवली आणि स्वतःच नख वाजवलं. टक्. तिच्या कानात ते दार ठोठावल्यासारखं वाजलं.

“आता ऐक.”

ती ऐकू लागली. गोदाक्का श्वास रोखून बसल्या, तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी. धड-धड येत होती. त्या दोन ठोक्यांच्या मधे काहीतरी असायला हवं होतं. तिनं चकती बोटभर सरकवली. पुन्हा सरकवली...

उत्तर तोंडपाठ होतं. ‘आला सर’ म्हटलं असतं तर या वेळी ते खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. आणि नाही म्हटलं तर सही गेली, परीक्षा गेली, सहा महिने गेले.

तिनं स्टेथोस्कोप कानातून काढला.

“ठोके येतायत सर. मधला आवाज... नाही येत. त्या आठांपैकी सहा जणांचाही आला नव्हता.”

ती गोदाक्कांकडे वळली. “आक्का, मला ऐकू आलं नाही.”

“मग ऐक की पुन्यांदा. मी कुटं चाललेय?”

सरांनी खिशातून पेन काढलं. लॉगबुक खाटेच्या कडेवर ठेवलं आणि सातव्या उद्दिष्टासमोर सही केली.

“सर...! अहो, पण मला आवाज आलाच नाही.”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“आता येईल.”